पाणी नको म्हणणारी बाळंतीण

संपादकांनी निरोप पाठवला, "बाई, दिवाळीला साजेसं काहीतरी लिहा." आता माझ्याकडे साजेसं काय असणार? उभं आयुष्य मी धुळ्याच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात नर्स होते. मला येतं ते भांडी उकळणं, रक्त थांबवणं आणि नातेवाइकांवर ओरडणं. त्यातलं ओरडणं फुकट गेलं असं मला कधी वाटलं नाही. तेव्हा चकलीचा तुकडा तोंडात असेल तर आधी तो खाऊन घ्या. पुढे सगळी रक्ताचीच गोष्ट आहे, नंतर मला बोल लावू नका.

लोकांना वाटतं, खूप रक्त गेलं की माणूस दिवा विझल्यासारखा जातो. तसं होत नाही. शरीर फार धोरणी असतं. वैशाखात विहिरीचं पाणी आटायला लागलं की घरची बाई काय करते ते आठवा. आधी अंगणात सडा घालणं बंद होतं, मग झाडांना पाणी बंद, मग धुणं लांबतं, आणि प्यायचा हंडा मात्र ती कुणाला हात लावू देत नाही. रक्त कमी पडलं की शरीर असंच करतं. आधी कातडीचं रक्त काढून घेतं, म्हणून हातपाय गार पडतात. मग आतड्यांचं काढतं. मग मूत्रपिंडांचं. काळजाला आणि मेंदूला शेवटपर्यंत राखून ठेवतं. म्हणून रक्त गेलेला रोगी शुद्धीवर असतो, तुमच्याशी बोलतो, आणि त्याच वेळी आतून एकेक दार बंद होत असतं. गारठा बोटांपाशी आहे, मनगटापाशी आहे की कोपरापर्यंत चढलाय, हे आम्ही हात लावून बघायचो. यंत्रं वगैरे नंतरची.

यातली मूत्रपिंडं फार मानी. ती थोडा वेळ उपास सोसतात. फार वेळ उपाशी ठेवली तर अशी रुसतात की नंतर रक्त मिळालं तरी काम करत नाहीत. रक्तस्रावातून सहीसलामत उठलेली बाई मग काही दिवसांनी लघवी बंद होऊन गेलेली मी पाहिली आहे. हसायचं तर हसा, पण मी माझ्या नोकरीत लघवीची जेवढी वाट पाहिली तेवढी लग्नानंतर पहिल्या दिवाळसणाचीही पाहिली नाही.

मग तुम्ही म्हणाल, रक्त गेलं तर भरून द्यावं. आता मोठ्या दवाखान्यांत रक्ताच्या बाटल्या मिळतात. आमच्या वेळी होतं मिठाचं पाणी, म्हणजे सलाईन. शिरेतून ते द्यायचं. पण किती द्यायचं आणि कधी, यातच सगळी मेख आहे. ती मेख मला जळगावला कळली, आणि फार महागात कळली.

मी तेव्हा जळगावला शिकाऊ होते. कापसाचा हंगाम होता. एका जिनातून, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीतून, गड्याला उचलून आणलं. पट्ट्यात हात अडकून दंडाजवळ फाटला होता. सोबत्यांनी धोतर फाडून करकचून बांधलं होतं, आणि आणेपर्यंत रक्त जवळजवळ थांबलं होतं. गडी पांढराफटक, मनगटाला नाडी नाही. डॉक्टरांनी त्या काळी जे सगळे करत तेच केलं. शीर उघडली आणि सलाईन सोडलं, चांगलं भरभरून. बघता बघता त्याच्या ओठांना रंग आला. नाडी ठणठण लागायला लागली. दारात उभे असलेले त्याचे सोबती एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. त्याने डोळे उघडले आणि मला म्हणाला, "बाई, बिडी शे का?" मी म्हटलं, बरा झालास की ओढ. तेवढ्यात चादर ओली झालेली मला दिसली.

रक्त आपणहून थांबलं होतं ते दोन कारणांनी. तोंडाशी गाठ धरली होती आणि आतला जोर कमी झाला होता. आम्ही पाणी भरून जोर वाढवला, तशी गाठ उडाली. आणि आता येत होतं ते रक्त पाण्यासारखं पातळ, त्याची गाठ पुन्हा धरेना. डॉक्टर चिमटा घेऊन धमनी शोधत होते, मी दंड दाबून धरला होता, आणि आम्ही वरून ओतत होतो तेवढं खालून जात होतं. तो गेला. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं. डॉक्टरांचा दोष म्हणाल तर काही नव्हता. तेव्हाची रीतच ती होती.

पुढे धुळ्याला बदली झाली आणि आमच्या वॉर्डाला एक डॉक्टरीणबाई आल्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, बोलणं अगदी मोजकं. त्यांच्यासमोर मी हा जळगावचा किस्सा सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी गळती बुजवायची. तोवर फक्त जीव तग धरेल एवढंच पाणी. गळती बुजली की मग हात सैल सोडायचा." ऐकायला किती सोपं वाटतं. करताना काय होतं ते ठगूच्या वेळी कळलं.

दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं होती. रबरी नळी मिळायची मारामार, सुया घासून घासून वापरायच्या. सलाईन आम्ही दवाखान्यातच बनवायचो. वाफ धरून पाणी गाळायचं, तोलून मीठ घालायचं, काचेच्या चंबूत भरून कापसाचा बोळा लावायचा आणि पुन्हा वाफेवर ठेवायचं. इतकं सोवळं पाळूनसुद्धा एखाद्या चंबूने रोग्याला अशी हुडहुडी भरायची की खाट हलायची. मग तो चंबू फेकायचा. तेव्हा तयार चंबू म्हणजे आमच्या कपाटातलं सोनं होतं.

मे महिना होता. धुळ्याचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय सांगू. टळटळीत दुपारी फाटकात बैलगाडी थांबली. साक्रीकडच्या एका खेड्यातून पहाटे निघालेली. गाडीत दोन गोधड्यांत गुंडाळलेली एक पोरगेलीशी बाळंतीण, तिच्या पायांशी मडक्यात निखारे, उशाशी सासू, आणि बैलांपुढे नवरा. पोरगीचं नाव ठगू. आधीची भावंडं जगली नाहीत की पाठच्या मुलीचं असं नाव ठेवतात, आमच्याकडे घरोघरी एखादी ठगू सापडते. सासूला सगळे अक्का म्हणत होते, मीही अक्काच म्हटलं.

पोर रात्रीच घरी बाळंत झाली होती. बाळ ठणठणीत होतं, जावेजवळ ठेवून आले होते. पण वार, बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती, पडली नव्हती. ती आत अडकून राहिली तर गर्भाशय मिटत नाही, आणि ते मिटत नाही तोवर रक्त थांबत नाही. एकदम धो धो नाही, पण सतत. पहाटेपासून गाडीच्या हादऱ्यांबरोबर ते जात होतं.

मी गोधड्या काढल्या. ओठ कागदासारखे. मनगटाला नाडी नाही, कोपराजवळ नाही, मानेशी बोट ठेवलं तर चिमणीच्या उरासारखी धडधड. गारठा कोपराच्या वर. डोळे मात्र उघडे आणि माझ्याकडेच लागलेले.

डॉक्टरीणबाई आल्या, एक नजर टाकली, म्हणाल्या, "टेबलावर घ्या. ते निखारे बाहेर. पायांकडून टेबलाखाली विटा लावा."

इथून अक्काचं आणि माझं जुंपलं. अक्का उंच, हाडापेराने मजबूत, नाकात नथ, आणि आवाज बाजारातल्या दवंडीसारखा. ती मडक्यावर हात धरून उभी राहिली. "शेगडी काढू नका, बाई. बाळंतीण शे ती. वारा लागी जाई."

मी पारोळ्याची. घरची बोली तीच, पण दवाखान्यात मी ती बोलत नसे, भांडताना मात्र आपोआप तोंडात यायची. मी म्हटलं, "अक्का, वारा नही, तिले तुमनी शेगडीच मारी टाकी." शब्द कडक होते, पण खोटे नव्हते. शरीराने कातडीचं रक्त काढून काळजासाठी राखलेलं असतं. वरून शेक दिला की कातडी लाल होते, फुलते, आणि राखलेलं रक्त पुन्हा बाहेर ओढून घेते. पाहणाऱ्याला वाटतं रंग आला, आणि आतला हंडा रिकामा होतो. पातळ चादर घालून गारठ्यापासून जपायचं तेवढं जपायचं. हे सगळं त्या क्षणी अक्काला कोण समजावत बसणार? मी मडकं उचललं, हात भाजून घेतला आणि व्हरांड्यात नेऊन ठेवलं. अक्का माझ्याकडे जे बघत राहिली ते मी विसरणार नाही.

आता पेच असा. वार हाताने काढायची तर भूल द्यायला हवी. या अवस्थेत भूल दिली तर ती टेबलावरच जाणार. भूल सोसवण्यासाठी सलाईन द्यायला हवं. आणि सलाईन जास्त दिलं तर जोर वाढून वारेमागून रक्त आणखी सुटणार. जळगावचा गडी माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

शिरा सगळ्या मिटलेल्या. डॉक्टरीणबाईंनी घोट्याजवळ कातडी कापून शीर उघडली आणि काचेची बारीक नळी बसवली. मी चंबू टांगला. एक हात रबरी नळीच्या चिमट्यावर, दुसऱ्या हाताचं बोट ठगूच्या मनगटावर.

"मनगटाला नाडी लागली की बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अर्धा चंबू तरी जाऊ द्या."

"नाडी लागली की बंद."

मी पाणी सोडलं. बराच वेळ बोटाखाली काहीच नाही. मग एक धागा, असून नसल्यासारखा. मग पुन्हा नाही. मग पुन्हा आला आणि राहिला. माझं मन सांगत होतं की अजून थोडं, एवढुसं जाऊ दे, पोर किती पांढरी आहे. हाताने चिमटा दाबला. आयुष्यात मी जड कामं पुष्कळ केली, पण तो चिमटा दाबून धरण्याइतकं जड काही नव्हतं. पाणी आहे, नळी आहे, माणूस मरायला टेकलंय आणि तुम्ही हात आखडून उभ्या.

कंपाउंडरने भुलीसाठी ईथरचे थेंब टाकले. डॉक्टरीणबाईंनी हात घातला. मी त्यांच्याकडे बघत नव्हते, फक्त बोटाखालचा धागा धरून होते. मध्येच तो तुटला. मी म्हटलं, "नाडी नाही." त्यांनी वर न बघता विचारलं, "मानेला?" "आहे." "मग थांब." मी थांबले. मग त्या म्हणाल्या, "आली." पूर्ण वार बाहेर आली. पोटावरून गर्भाशय चोळलं, गर्भाशय आवळणारं अर्गटचं इंजेक्शन दिलं, आणि ते दगडासारखं घट्ट झालं. रक्त थांबलं. डॉक्टरीणबाईंनी खात्री केली आणि मला म्हणाल्या, "आता सोड."

मी चिमटा काढला तो असा की हातातून उडून पडला. पहिला चंबू भराभर उतरला. नाडी मनगटाला नीट आली. व्हरांड्यात निंबाखाली उकिडवा बसलेला नवरा उठून दाराशी आला. "बाई, वाची जाई का ती?" मी दुसरा चंबू काढायला कपाटाकडे वळले. या धंद्यात एवढ्यात उत्तर देऊ नये.

आणि नाही दिलं तेच बरं. ठगूला वॉर्डातल्या खाटेवर घेतलं, पायांकडे पुन्हा विटा लावून दुसरा चंबू लावला, आणि थोड्याच वेळात ठगूचे दात वाजायला लागले. हुडहुडी भरली. खाट कडकड वाजायला लागली. चंबू बाधलेला. तो काढेपर्यंत घोट्याची नळी तुंबली आणि ती शीर गेली. दुसरी शीर सापडेना. कपाटात उरलेले चंबू त्याच भट्टीचे, त्यांना हात लावायची छाती होईना. नवीन बनवायला घेतलं, पण त्याला वेळ लागणार होता. मांडीच्या कातडीखाली सुई घालून पहिल्या चंबूच्या तळाशी उरलेलं थोडं पाणी सोडून पाहिलं, तर तिथे फुगवटा तसाच राहिला. कातडीकडे रक्तच फिरकत नव्हतं, तर पाणी आत नेणार कोण? गुदद्वारातून थेंब थेंब दिलं, ते तिने बाहेर टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी रबरी नळी घालून लघवी पाहिली. मूत्राशय कोरडं. पहाटेपासून एक थेंब नाही. त्या माझ्याकडे वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "रक्त थांबलं. आता हिची मूत्रपिंडं वाचली पाहिजेत, नाहीतर आजची सगळी मेहनत वाया. ईथर उतरलंय. तोंडाने दे. पाण्यात थोडं मीठ, चिमूट सोडा. घोट घोट, पण थांबू नकोस."

बाहेर ऊन भाजत होतं. ठगूची जीभ टाळूला चिकटलेली मला दिसत होती. म्हटलं, चला, एवढं तरी सोपं आहे. मी वाटीत पाणी घेतलं, खाटेची उशाकडची बाजू खाली होती म्हणून जपून चमचा ओठांशी नेला.

ठगूने तोंड मिटलं. ओठ आत घेऊन, दात आवळून.

"पी, बाई माझी. थोडंच आहे."

तिने मान फिरवली. पुन्हा चमचा नेला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी हनुवटी धरली, तशी ती क्षीण आवाजात, पण एकेक शब्द चावून म्हणाली, "माले पानी नको. मी मरी नही राहिनी."

मला काही कळेना. मला राग आला. माझा राग लवकर येतो, वॉर्डातल्या आयांना विचारा. मी म्हटलं, "नही प्याली तर मरशील, समजलं का?" तिचे डोळे भरले, पण तोंड उघडलं नाही. एवढ्या कोरड्या अंगात ते पाणी कुठून आलं देव जाणे. मला वाटलं, सासूने हिला दटावून ठेवलंय, बाळंतिणीला पाणी बाधतं म्हणून. आमच्याकडे ते वेड आहेच. मी अक्काकडे वळले आणि जे तोंडाला येईल ते बोलले.

अक्काने सगळं ऐकून घेतलं. मग मला हाताने बाजूला बोलावलं. तिचा दवंडीचा आवाज कुठे गेला कोण जाणे, कुजबुजत म्हणाली, "नरसबाई, मी काय नही सांगं तिले. तिनी माय बाळंतपणमाच गई. ही पोर जोडे बठेल व्हती. मायले असंच निजाडं, तोंडमा चमचा चमचा पानी टाकं, अन जीव गया. ती वळखी गई."

माझा राग तिथल्या तिथे गळाला. आई गेली तेव्हा शेजारी बसलेल्या ठगूच्या डोळ्यांनी आता मला ती खाट दिसली. उशाशी खाली केलेली, अंगावर पांढरी चादर, सासू डोळ्याला पदर लावून उभी, आणि एक बाई चमच्याने तोंडात पाणी घालायला वाकलेली. तिच्या गावात असं पाणी एकदाच देतात. ती मेली तरी ते घेणार नव्हती, कारण ते घेतलं की मेलेच अशी तिची खात्री होती. आणि मीच तिला वर सांगत होते की मरशील म्हणून.

"मग काय करायचं, अक्का?" मी विचारलं. खरंच विचारलं, मला सुचत नव्हतं. जबरदस्तीने घातलं तर ठसका लागून छातीत जाणार.

गाडीत ठेवलेली शिदोरी आणायला अक्काने व्हरांड्यातल्या आपल्या मुलाला हाक मारली. त्याने फडकं आणून दिलं. ते घेऊन अक्का ठगूच्या खाटेशी फरशीवर फतकल मारून बसली. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी, कांदा, लाल मिरचीचा ठेचा. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताटली दे. अन तू बी जेवाले बस."

"अक्का, हा वॉर्ड आहे. आणि तिला घट्ट काही चालणार नाही."

"तिले घास नही देत मी. तू बस. मरनारा माणूसना पुढे कोनी ताट मांडस का?"

मी बसले. गणवेश, डोक्याला टोपी, आणि फरशीवर मांडी घालून. वॉर्डातल्या बाकीच्या बायका टकाटका बघत होत्या. अक्काने एक ताटली ठगूच्या उशाशी स्टुलावर ठेवली, तीत भाकरीचा चतकोर आणि ठेचा. मग आम्ही दोघी जेवायला लागलो. तशा वेळी घास गिळणं किती कठीण असतं ते ज्याचं त्याला ठाऊक. ठेचा इतका जहाल होता की माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. अक्का मोठ्याने म्हणाली, "ठगू, आम्ही जेवी राहिनूत. तुनं ताट वाढेल शे." आणि मग शेतातलं बोलायला लागली, म्हशीने लाथ मारली ते, जावेचं भांडण, बारशाला कुणाला बोलवायचं ते. मधूनमधून लोटा उचलायची, वरून घटाघटा प्यायची आणि मला द्यायची. मीही प्यायले.

डॉक्टरीणबाई दारात आल्या आणि थबकल्या. मी उठायला लागले. त्यांनी हाताने बस म्हटलं. बराच वेळ आमच्याकडे आणि ठगूकडे बघितलं. मग दुसरं स्टूल ओढून बसल्या, अक्कापुढे हात केला. अक्काने भाकरीचा तुकडा त्यावर ठेवला. एक घास खाऊन डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मिरची फार आहे," आणि पाण्यासाठी लोटा मागितला.

ठगू आमच्याकडे बघत होती. अक्काने भाकरीचा कण तिच्या ओठांना लावला आणि परत काढून घेतला. मग लोट्यातलंच पाणी, मीठ-सोड्याचं, मी आधीच भरून ठेवलेलं, एका पेल्यात घेतलं. चमचा नाही. पेला. आणि अगदी रोजच्यासारखं, जरा खेकसूनच म्हणाली, "जेवनावर पानी पी. सारा लोके पीतस."

ठगूने तोंड उघडलं.

मी पेला धरला आणि एकेक घोट देत गेले. जास्त दिलं तर उलटी होईल म्हणून मला पुन्हा हात आखडावा लागला. घोट, थोडं थांबून पुन्हा घोट. अक्काची बडबड चालूच होती, एकाच म्हशीची गोष्ट तिने कितींदा सांगितली असेल. गारठा कोपरावरून उतरायला लागला. मनगट कोमट झालं. पण नळी घालून पाहिलं तर मूत्राशय कोरडंच. डॉक्टरीणबाई येऊन बघायच्या आणि जायच्या. मी मनात घाबरले होते, साफ सांगते. रक्त थांबवलं, नाडी आणली, पाणी प्यायला लावलं, आणि आत मूत्रपिंडांनी आधीच हात टेकले असतील तर आमच्या हातात काहीच उरलं नव्हतं. ती चांगली बोलेल, हसेल, बाळाला घेईल, आणि मग आमच्या डोळ्यांदेखत सुजून जाईल.

उन्हं कलली, खिडकीवरची वाळ्याची ताटी बाजूला केली. ठगूची कूस बदलावी म्हणून मी हात घातला, तर चादर ओली लागली. जळगावची ती ओली चादर आठवली. रक्तच, दुसरं काय असणार. मी चादर ओढून उजेडात धरली. पिवळी होती. गडद, थोडीच, पण पिवळी. मी ती नाकाशी नेऊन हुंगली. शेजारच्या खाटेवरची बाई मला म्हणाली, "बाई, हे काय करताय?" मी चादर घेऊन तशीच डॉक्टरीणबाईंकडे धावत गेले, तीस वर्षांची बाई, परकर-पोलक्यातल्या मुलीसारखी. त्यांनी ती पाहिली, टेबलावर दोन्ही हात टेकले आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "जा. अजून पाज तिला."

मी परत आले तर अक्का बोलून बोलून थकलेली, खाटेलगतच्या भिंतीला टेकून तिचा डोळा लागला होता. पेला रिकामा होता. मी तो भरायला घेणार तेवढ्यात ठगूने खाटेवरून हात खाली सोडला आणि सासूचा खांदा चाचपला.

"अक्का," ती म्हणाली, "माले पानी दे."

अक्का खडबडून जागी झाली. मी लोटा पुढे केला, तो तिने माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला.